कामावर जाता-येता झालेला अपघात आणि भरपाईचा हक्क : नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी मार्गदर्शक

कारखान्याच्या फाटकाच्या आत यंत्रात हात अडकला तर भरपाई मिळते, हे बहुतेक कामगारांना ठाऊक असते. पहाटेच्या पाळीला निघालेल्या माणसाच्या दुचाकीला महामार्गावर ट्रकने धडक दिली, किंवा रात्रपाळी संपवून परतताना लोकलच्या दारातून कुणाचा तोल गेला, तर मात्र "तो तुमचा खासगी प्रवास होता" असे सांगून व्यवस्थापन हात झटकते आणि घरची माणसेही ते खरे धरून चालतात. आज कायदा तसे म्हणत नाही. घरापासून कामाच्या जागेपर्यंत आणि कामाच्या जागेपासून घरापर्यंतच्या वाटेवर झालेला अपघात, एक अट पूर्ण होत असेल तर, नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झालेला मानला जातो. ती अट कोणती, ती कशी सिद्ध करायची, अर्ज कोणाकडे करायचा आणि कोणत्या कागदावर सही करायची नाही, हे नव्याने नोकरीला लागलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना कळावे, यासाठी हा लेख आहे. बारकावे बरेच आहेत. असे दावे कायदा विरोधात असल्यामुळे जितके बुडतात, त्याहून अधिक पहिल्या आठवड्यात कागद न जमवल्यामुळे बुडतात, असे माझे मत आहे; त्यामुळे कागदांविषयी मी जरा विस्ताराने लिहिले आहे.

कायदा इथवर कसा आला

हा इतिहास वकिलांपुरता नाही, कारण आजही एखादा मनुष्यबळ अधिकारी जुन्या निकालांच्या आधारे दावा नाकारू पाहतो. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियमात अपघात "नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात" झालेला असावा, एवढेच म्हटले होते. वाटेवरच्या अपघाताचा उल्लेख नव्हता. सौराष्ट्रातील मिठागराचे काही कामगार काम संपवून खाडी ओलांडत असताना होडी बुडून मरण पावले, तेव्हा १९५८ साली सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या जागेची व्याप्ती फाटकाबाहेर काही अंतर मानता येते हे तत्त्व मान्य केले, पण होडी सार्वजनिक होती म्हणून दावा मात्र फेटाळला. १९६३ मध्ये मुंबईच्या बेस्टच्या एका बसचालकाचे प्रकरण आले. बस आगारात लावून तो बेस्टच्याच दुसऱ्या बसने घरी निघाला असताना त्या बसला अपघात झाला आणि त्यात त्याचा जीव गेला. गणवेशातील चालकांना बसमधून मोफत प्रवासाची मुभा ही सेवा सुरळीत चालावी म्हणूनच दिलेली होती, हे पाहून न्यायालयाने भरपाईच्या बाजूने कौल दिला. १९९६ मध्ये मात्र काटा उलट फिरला. साडेचारच्या पाळीसाठी सायकलवरून निघालेल्या एका कारखाना कामगाराला सव्वाचारच्या सुमारास, कारखान्यापासून अवघ्या एक किलोमीटरवर लॉरीने धडक दिली होती. तरीही, केवळ कामाच्या वाटेवर असणे म्हणजे कामाच्या ओघात असणे नव्हे, असे न्यायालयाने ठरवले.

या निकालामुळे निर्माण झालेली पोकळी संसदेने २०१० मध्ये भरून काढली. कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ मध्ये, म्हणजे बोलीभाषेतल्या ईएसआयच्या कायद्यात, कलम ५१-ई घालण्यात आले आणि वाटेवरचा अपघात नोकरीच्या ओघातील अपघात मानला गेला. परंतु ही तरतूद विमाधारक कामगारांपुरती होती. १९२३ च्या अधिनियमाखाली येणारे लाखो कामगार तिच्या बाहेरच राहिले.

तो प्रश्न सुटला तो धाराशिव जिल्ह्यातील एका प्रकरणामुळे. एका साखर कारखान्यातील पहारेकऱ्याची पाळी पहाटे तीन ते सकाळी अकरा अशी होती. २२ एप्रिल २००३ रोजी कामावर येत असताना, कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटर अलीकडे त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. जिल्ह्यातील भरपाई आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये व्याजासह मंजूर केले. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती मनोज मिश्रा व के. व्ही. विश्वनाथन यांच्या खंडपीठाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. पहाटे तीनची पाळी असलेला पहारेकरी त्या वेळी त्या रस्त्यावर कामासाठीच असणार, हे न्यायालयाने मान्य केले आणि १९२३ च्या अधिनियमातील "नोकरीच्या ओघात" या शब्दांतही घर ते काम व काम ते घर हा प्रवास येतो, असा अर्थ लावला. कलम ५१-ई हे नवा हक्क देणारे नसून आधीचा अर्थ स्पष्ट करणारे आहे, असेही न्यायालयाने म्हटले; म्हणून जुन्या प्रलंबित प्रकरणांनाही या निकालाचा आधार घेता येतो. कुटुंबाला मात्र बावीस वर्षे वाट पाहावी लागली.

पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये ईएसआय आणि नुकसानभरपाई हे दोन्ही विषय आले असून भरपाईच्या सातव्या प्रकरणात वाटेवरच्या अपघाताची तरतूद थेट शब्दांत लिहिलेली आहे. त्यामुळे त्या तारखेनंतरच्या अपघातासाठी न्यायालयीन निकालाचा आधार शोधण्याची गरज उरलेली नाही.

पहिली पायरी : आपण कोणत्या तरतुदीखाली येतो, हे नोकरीच्या पहिल्याच महिन्यात पाहून ठेवा

दहा किंवा अधिक माणसे काम करणाऱ्या आणि ईएसआय लागू असलेल्या आस्थापनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल (दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ही मर्यादा २५,००० रुपये आहे), तर तुम्ही ईएसआयचे विमाधारक असायला हवे. पगारपत्रकात ०.७५ टक्के वर्गणीची वजावट दिसते का ते पाहा. मालक स्वतःकडून ३.२५ टक्के भरतो. विमा क्रमांक मिळाला आहे का, त्यात नाव, जन्मतारीख आणि आई-वडील किंवा पती-पत्नी यांची नोंद बरोबर आहे का, हे तपासा. ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगारांनी हे विशेष काळजीने पाहावे, कारण वर्गणी कापली जाते पण भरली जात नाही, असे प्रकार घडतात. मालकाने वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा हक्क बुडत नाही आणि विमा महामंडळ ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. पण नोंदणीच नसेल तर ऐन दवाखान्याच्या धावपळीत ते भांडण अंगावर येते.

ईएसआय लागू नसेल, म्हणजे आस्थापना लहान असेल किंवा पगार मर्यादेच्या वर असेल, तर भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. ही जबाबदारी कायद्याच्या अनुसूचीत दिलेल्या कामांपुरती आहे, परंतु ती यादी मोठी आहे आणि कारखाने, बांधकाम, वाहतूक, मालाची चढउतार अशी नेहमीची कामे तिच्यात येतात. तुम्हाला ठेकेदाराने कामावर ठेवले असले, तरी काम ज्या मूळ मालकाच्या धंद्याचा भाग आहे त्याच्याकडूनही भरपाई मागता येते. मूळ मालक ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करील. ठेकेदार रातोरात फोन बंद करून गेला तरी दावा संपत नाही.

ॲपवरून घरपोच माल पोहोचवणाऱ्यांना संहितेने नेहमीच्या मालक-नोकर नात्याबाहेरचे कामगार मानले आहे, त्यामुळे त्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती या लेखात घेतलेली नाही.

दुसरी पायरी : "संबंध" ही अट समजून घ्या

अपघात ज्या परिस्थितीत, ज्या वेळी आणि ज्या जागी झाला, त्यांचा तुमच्या नोकरीशी संबंध सिद्ध झाला पाहिजे, एवढीच कायद्याची अट आहे. किती किलोमीटर आणि किती मिनिटे, हे कायद्यात कुठेही लिहिलेले नाही, आणि कोणी तसा आकडा सांगत असेल तर त्याला तो कायद्यात दाखवायला सांगावा.

वेळ पाहायची ती पाळीच्या तुलनेत. सकाळी सातच्या पाळीसाठी विरारहून अंधेरीला येणारा माणूस साडेपाचला गाडीत असणे स्वाभाविक आहे. तीन वाजता सुटलेला कामगार रात्री दहाला भलत्याच दिशेच्या रस्त्यावर सापडला, तर मधल्या सात तासांचा हिशेब द्यावा लागेल. जागा पाहायची ती नेहमीच्या वाटेच्या तुलनेत. ही वाट सर्वांत जवळचीच असली पाहिजे असे नाही. घाटरस्ता बंद असल्याने किंवा पुलावर पाणी आल्याने लांबून जाणे हेही समजण्यासारखे असते, फक्त ते कारण दाखवता आले पाहिजे. वाटेत पेट्रोल भरणे किंवा मुलाला शाळेत सोडणे यांमुळे संबंध तुटतो की नाही, हे प्रत्येक प्रकरणाच्या तपशिलावर ठरते. वाटेतले असे थांबणे लपवू नये. पंचनाम्यातील जागा आणि तुमचा जबाब यांत फरक निघाला, तर किरकोळ थांब्यापेक्षा त्या विसंगतीनेच दाव्याचे अधिक नुकसान होते.

परिस्थिती म्हणजे त्या दिवशी तुम्ही कामासाठीच निघाला होता, हे. सुट्टीच्या दिवशी बोलावले असेल, जादा काम असेल, पाळी बदललेली असेल, तर तसा निरोप कोणी व कसा दिला हे महत्त्वाचे ठरते. तोंडी निरोपावर पाळी बदलण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. निदान मुकादमाला किंवा पर्यवेक्षकाला "उद्या सहाला येतो" असा संदेश पाठवून ठेवण्याची सवय लावून घ्या. ज्यांच्यासाठी कंपनीची बस किंवा मोटार येते त्यांचे काम सोपे आहे, कारण वाहन, वेळ आणि मार्ग हे सारे मालकानेच ठरवलेले असते.

चूक कोणाची होती, हा प्रश्न मालकाविरुद्धच्या भरपाईत मुख्य नसतो. स्वतःच्या निष्काळजीपणाने दुचाकी घसरली तरी हक्क जात नाही. अपवाद मोजके आहेत : कामगार दारूच्या किंवा अमली पदार्थाच्या अमलाखाली असल्यामुळेच इजा झाली, किंवा सुरक्षिततेसाठी दिलेला स्पष्ट आदेश त्याने हेतुपुरस्सर मोडला, तर मालक जबाबदारी नाकारू शकतो, आणि हा बचावदेखील मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आले असेल तर चालत नाही.

तिसरी पायरी : अपघाताच्या दिवशी

उपचार आधी. रस्ता अपघातातील जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये रोखरहित उपचारांची योजना अधिसूचित केली असून तिच्याखाली नामनिर्देशित रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. विमाधारकाला जीव वाचवण्यासाठी जवळच्या कोणत्याही रुग्णालयात नेले तरी चालते, मात्र ईएसआय रुग्णालयाला किंवा दवाखान्याला लवकरात लवकर कळवावे, नाहीतर खर्चाच्या प्रतिपूर्तीत अडथळे येतात.

रुग्णालयात दाखल करताना माहिती कोण सांगते आणि काय सांगते, याकडे लक्ष द्या. केसपेपरवर "घरी पडला" किंवा नुसते "दुचाकीवरून पडला" असे लिहिले गेले, तर पुढे तीच नोंद मालकाचा किंवा विमा कंपनीचा वकील फडकावतो. "कामावर जात असताना", "पाळी संपवून घरी येत असताना" हे शब्द, ते खरे असतील तर, पहिल्याच नोंदीत आले पाहिजेत. वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद झाली आहे का, हेही विचारा. पोलिसांकडील प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा आणि साक्षीदारांचे जबाब यांतही हीच गोष्ट यावी. जखमी माणूस शुद्धीवर नसेल तर खबर देणाऱ्या नातेवाइकाला पाळीची वेळ माहीत असतेच असे नाही. अशा वेळी सोबत काम करणाऱ्या माणसाला पोलीस ठाण्यात नेणे शहाणपणाचे.

गाडी एकट्याचीच घसरली असेल, दुसरे वाहन नसेल, तर लोक पोलिसांकडे जातच नाहीत. भरपाईच्या दृष्टीने ही मोठी चूक आहे. निदान घटनेची नोंद करून तिची प्रत घ्यावी.

चौथी पायरी : मालकाला लेखी कळवा

कळवणे शक्य तितक्या लवकर आणि लेखी हवे. फोनवर सांगितले, पर्यवेक्षक बघायला येऊन गेला, म्हणजे झाले असे समजू नका. साध्या मराठीत अर्धे पान पुरते : नाव, कामगार क्रमांक, विभाग, त्या दिवशीची पाळी, घरून किंवा कामावरून निघाल्याची वेळ, नेहमीचा मार्ग, अपघाताची जागा व वेळ, इजा, सध्याचे रुग्णालय आणि साक्षीदारांची नावे. हे पत्र पोचपावतीसह हातोहात द्या. पोच देत नसतील तर पोस्टाने नोंदणीकृत पाठवा आणि सोबत ईमेल किंवा व्हॉट्सॲपवरही टाका. जखमी माणूस अंथरुणावर असेल तर त्याच्या वतीने घरच्या कोणीही हे पत्र दिले तरी चालते.

त्याच आठवड्यात पुढील कागद गोळा करावेत. मागील काही महिन्यांची पगारपत्रके आणि बँकेचे खातेउतारे, त्या दिवसाच्या हजेरीची नोंद, पाळीपत्रक, ओळखपत्र आणि नियुक्तीपत्र हे नोकरी व वेळ दाखवतात. घर कुठे आहे हे दाखवायला आधार कार्ड पुरत नाही, कारण चाकण किंवा वाळूजला भाड्याने राहणाऱ्या कामगाराच्या आधारवर बहुधा गावाचा पत्ता असतो आणि मग "हा घरून निघालाच नव्हता" असा आक्षेप येतो. भाडेकरार, घरमालकाचे पत्र किंवा विजेचे बिल मिळवून ठेवा. वाटेची साक्ष अनेकदा फोनच देतो : फाटकाबाहेरच्या टपरीवर मोबाइलवरून दिलेल्या चहाच्या पैशांची नोंद, शेवटचे कॉल, स्थानाची नोंद. रस्त्यालगतच्या दुकानांतील कॅमेऱ्यांचे चित्रण थोड्याच दिवसांत पुसले जाते, म्हणून ते पोलिसांना लगेच मागवायला सांगावे.

पाचवी पायरी : विमाधारक असाल तर ईएसआयचा मार्ग

मालकाने अपघाताचा अहवाल नमुना १२ मध्ये ऑनलाइन पाठवायचा असतो. तो पाठवला का, हे तुम्ही स्वतः शाखा कार्यालयात जाऊन विचारा. वाटेवरच्या अपघातात शाखा कार्यालय चौकशी करते आणि प्रथम खबर, पंचनामा, हजेरी, साक्षीदार यांची मागणी करते. वर सांगितलेले कागद इथेच उपयोगी पडतात. मालक अहवाल द्यायला टाळाटाळ करत असेल तर तुमच्या लेखी पत्राची प्रत जोडून थेट शाखा व्यवस्थापकाकडे अर्ज करावा.

नोकरीतील इजेसाठी वर्गणीचे ठरावीक दिवस भरलेले असण्याची अट नाही. आजारपणाच्या लाभासाठी असा किमान काळ लागतो, इजेसाठी नाही; कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे. नव्या कामगारांना नेमके उलट सांगितले जाते, म्हणून हे पक्के लक्षात ठेवा.

काम करता येत नसेल तोवर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के दराने मिळतो. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद असले पाहिजे. सरासरी रोज ६०० रुपये असेल तर दिवसाला ५४० रुपये, आणि बरे होईपर्यंत. त्यासाठी ईएसआय डॉक्टरांचे दाखले खंड न पडता घेत राहावे लागतात. खासगी डॉक्टरांकडे उपचार चालू ठेवून दाखल्यांकडे दुर्लक्ष केले की मधले आठवडे बुडतात. कायमचे अपंगत्व राहिले तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवते आणि त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते. मंडळाचा निर्णय मान्य नसेल तर अपील करता येते. मृत्यू झाल्यास अंत्यविधीसाठी १५,००० रुपये आणि अवलंबितांना दरमहा लाभ मिळतो : पूर्ण दराच्या (म्हणजे वर सांगितलेल्या ९० टक्के दराच्या) तीन पंचमांश पत्नीला, दोन पंचमांश प्रत्येक मुलाला, आणि बेरीज पूर्ण दरापेक्षा जास्त झाली तर सर्वांचे हिस्से त्याच प्रमाणात कमी होतात.

ईएसआयचा लाभ घेणाऱ्याला त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई मागता येत नाही. एकरकमी मोठी रक्कम मिळत नाही म्हणून काही कुटुंबे नाराज होतात, पण तरुण विधवेला वर्षानुवर्षे मिळणारी दरमहाची रक्कम, माझ्या मते, अनेकदा त्या एकरकमी भरपाईपेक्षा अधिक भरवशाची असते.

सहावी पायरी : ईएसआय नसेल तर मालकाविरुद्धचा दावा

आधी रकमेचा अंदाज घ्या, म्हणजे कोणी दोन लाखांत "मिटवून टाकू" म्हणाले तर आपण काय सोडतो आहोत ते कळते. १९२३ च्या अधिनियमाचे सूत्र असे : मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयानुसारचा गुणक, कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ६० टक्के गुणिले तोच गुणक. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेनुसार हिशेबात मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते. गुणक विसाव्या वर्षी २२४.००, तिसाव्या वर्षी २०७.९८, पंचेचाळिसाव्या वर्षी १६९.४४ असा उतरत जातो. तीस वर्षांच्या, १८,००० रुपये पगाराच्या कामगाराचा मृत्यू झाला तर १५,००० चे अर्धे ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये होतात. तोच कामगार कायमचा संपूर्ण अपंग झाला तर ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. कमाईची क्षमता तीस टक्के घटली असे डॉक्टरांनी ठरवले, तर या शेवटच्या रकमेचे तीस टक्के, म्हणजे ५,६१,५४६ रुपये. तात्पुरत्या अपंगत्वासाठी दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते, जास्तीत जास्त पाच वर्षे. याशिवाय उपचारांचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो, म्हणून प्रत्येक बिल जपून ठेवावे. संहितेने ५० आणि ६० टक्क्यांचे हेच सूत्र पुढे चालवले आहे. वेतनाची व्याख्या मात्र बदलली आहे आणि पगारातील भत्त्यांचा भाग निम्म्याहून अधिक असेल, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो.

दावा भरपाई आयुक्तांपुढे करायचा. संहितेत त्यांना सक्षम प्राधिकारी म्हटले आहे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीश, तर काही ठिकाणी दिवाणी न्यायाधीश हे काम पाहत आले आहेत; आपल्या जिल्ह्यात कोण पाहते हे सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात कळते. दावा कुठे करायचा याची निवड कामगाराकडे आहे : जिथे अपघात झाला तिथे, जिथे कामगार किंवा अवलंबित सामान्यतः राहतात तिथे, किंवा जिथे मालकाचे नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे. वेर्णा औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या तरुणाचा गोव्यात अपघाती मृत्यू झाला, तर सावंतवाडीजवळ राहणाऱ्या त्याच्या आईला प्रत्येक तारखेला मडगावला जाण्याची गरज नाही. ती सिंधुदुर्गात दावा करू शकते. पुण्यात काम करणाऱ्या बीड-लातूरच्या माणसांनाही हेच लागू आहे.

मुदत दोन वर्षांची धरून चाला. भरपाई देय झाल्यापासून एक महिन्यात दिली नाही तर जुन्या अधिनियमाप्रमाणे १२ टक्के व्याज आणि विलंबाचे योग्य कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड बसतो, म्हणून मालकाला पहिली लेखी मागणी केव्हा केली ही तारीख महत्त्वाची असते. मालकाने विमा काढलेला असेल तर विमा कंपनीलाही सामील करा. कंपनीने पॉलिसीत असा प्रवास येत नाही असे म्हटले, तरी तो मालक आणि कंपनी यांच्यातील वाद आहे आणि तेवढ्याने मालकाची जबाबदारी संपत नाही.

सातवी पायरी : रस्ता की रेल्वे, आणि कोणते दार निवडायचे

दुसऱ्या वाहनाच्या चुकीने अपघात झाला असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हा आणखी एक मार्ग असतो. तिथे वेतनाची १५,००० ची मर्यादा नाही, भविष्यातील वाढही विचारात घेतली जाते, पण समोरच्या चालकाची चूक सिद्ध करावी लागते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६७ नुसार त्या अधिनियमाखालील भरपाई किंवा कर्मचारी भरपाई यांपैकी एकच मागता येते, दोन्ही नाही. त्यामुळे घाईने एक अर्ज टाकून मोकळे होऊ नका. पगार चांगला, ट्रकचालकाची चूक उघड आणि ट्रकचा विमा चालू असेल, तर न्यायाधिकरणात बहुधा जास्त रक्कम मिळते. दुचाकी स्वतःच घसरली किंवा धडक देणारा पळून गेला, तर मालकाविरुद्धचा मार्ग भक्कम. धडक देऊन पळालेल्या वाहनासाठी मृत्यूला दोन लाख व गंभीर इजेला पन्नास हजार रुपयांची सरकारी योजना आहे, पण त्या रकमा किती अपुऱ्या आहेत हे वरच्या हिशेबावरून दिसेलच. न्यायाधिकरणातील अर्जासाठी एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेलेला असला तरी त्या आशेवर थांबू नका, सहा महिन्यांच्या आतच ठरवा. विमाधारकाला मालकाविरुद्ध जाता येत नसले, तरी ती मनाई मालक आणि त्याच्या नोकरांपुरती आहे. परक्या ट्रकच्या मालकाविरुद्धच्या दाव्याविषयी वकिलाला आवर्जून विचारा.

मुंबई परिसरात लोकलचा अपघात हा वेगळा विषय होतो. गर्दीत दारातून पडणे, चढता-उतरताना घसरणे या घटना रेल्वे अधिनियमाच्या कलम १२४-अ मध्ये येतात आणि रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडून मृत्यूसाठी आठ लाख रुपये मिळू शकतात. मुदत एक वर्षाची आहे. पास किंवा तिकीट सापडले नाही एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, पण तुम्ही वैध प्रवासी होता हे दाखवावे लागतेच. मोबाइलवरील पासची नोंद किंवा जुने पास शोधून ठेवा. रूळ ओलांडताना झालेला अपघात या कलमात बसत नाही. स्टेशन मास्तरचा मेमो आणि लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा यांच्या प्रती घ्याव्यात. इथेही एकाच अपघाताची भरपाई दोनदा मिळत नाही, असे रेल्वे अधिनियमाचे कलम १२८ सांगते. तीस वर्षांच्या कामगाराचा वरचा हिशेब पाहिला तर मालकाविरुद्धची रक्कम रेल्वेच्या आठ लाखांच्या जवळपास दुप्पट निघते, आणि रूळ ओलांडताना गेलेल्या माणसाच्या घरच्यांना तर तोच मार्ग उरतो. त्यात आयुक्तांपुढे संबंधाची अट कशी मांडायची, याचा विचार वकिलासोबत आधीच करावा.

सही करण्यापूर्वी

मृत्यूच्या प्रकरणात मालकाने भरपाई आयुक्तांकडेच जमा करायची असते. घरी येऊन पाकिटातून दिलेले पैसे कायद्याच्या दृष्टीने भरपाई ठरत नाहीत. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी आगाऊ रक्कम देण्याची मुभा आहे आणि तेवढीच पुढे वजा होते. म्हणून दशक्रियेच्या आधी कोणी "मदत" म्हणून रक्कम देऊन "आता कोणतीही मागणी राहिली नाही" असा कागद पुढे केला, तर पैशांची पावती वेगळी द्या आणि त्या कागदावर सही करू नका. सही झाली असेल तरी घाबरून दावा सोडू नका, कारण भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने निरर्थक असतो.

मालक हजेरीपट दाखवत नसेल, "तो त्या दिवशी कामावर येणारच नव्हता" असे म्हणत असेल, तर सुनावणीत ती कागदपत्रे हजर करण्याचा आदेश मागा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना मोफत विधी सेवेचा हक्क उत्पन्नाची अट न लावता आहे. निकाल विरोधात गेला तर उच्च न्यायालयात साठ दिवसांच्या आत अपील करता येते, मात्र ते कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच. वस्तुस्थितीवर पुन्हा पहिल्यापासून सुनावणी होत नाही, त्यामुळे पाळी, वाट आणि वेळ यांचा जो काही पुरावा असेल तो खालच्या पातळीवरच, पहिल्या फेरीत, दाखल झालेला हवा.